हर्पीसच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट दोघांनी मिळून वाचा



समजा, एक जोडपे आहे. लग्नाला पाच वर्षे झाली, पदरी एक मुलगी आहे. दुसऱ्या खेपेला दिवस गेले, पण तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. घरचे काळजीत पडले. तालुक्याच्या गावी दाखवले, तेव्हा रक्ताच्या बऱ्याच तपासण्या सांगितल्या गेल्या. त्यात ‘टॉर्च’ नावाची एक तपासणी होती. दुसऱ्या दिवशी कागद हाती आला. त्यावर दोन ओळी अशा होत्या :

एच.एस.व्ही.-२, आय.जी.जी. – १.६ – पॉझिटिव्ह
एच.एस.व्ही., आय.जी.एम. – १.० – इक्विव्होकल

कोणीतरी सांगितले, “हा हर्पीस. बाहेरख्यालीपणाचा रोग आहे.” झाले! नवरा आठवड्यातले सहा दिवस पुण्याला कामावर असतो. बायकोच्या मनात आले, यांनीच आणला असणार. सासू म्हणाली, “माझा मुलगा तसला नाही. हिचंच काहीतरी असेल.” सून रडत माहेरी गेली. पुढच्या मुलाचा विचार तर बाजूलाच राहिला.

असा कागद उद्या आपल्याही हाती येऊ शकतो. तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे नवरा-बायको दोघांनी मिळून समजून घ्यावे, म्हणून हे पत्रक.

१. हर्पीस म्हणजे काय?

हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा एक विषाणू आहे. रिपोर्टवर त्यालाच ‘एच.एस.व्ही.’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार (एच.एस.व्ही.-१) बहुधा तोंडाचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड उठतात. ‘रात्री कोळी मुतला’ असे आपण म्हणतो, त्यातले पुष्कळसे फोड याच विषाणूचे असतात. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच, घरच्या माणसांनी मुके घेताना लागतो. त्यात कोणाचा दोष नसतो. हाच प्रकार कधी कधी गुप्तांगावरही येतो.

दुसरा प्रकार (एच.एस.व्ही.-२) बहुधा गुप्तांगाचा. तो जवळजवळ नेहमीच शरीरसंबंधातून लागतो. गुप्तांगावर किंवा आसपास बारीक फोड येतात, ते फुटून दुखरे व्रण होतात, लघवीला आग होते, जांघेत अवधाण येते, पहिल्या खेपेला तापही येतो. दोन ते चार आठवड्यांत हे आपोआप भरून येते. विषाणू मात्र शरीरातील मज्जातंतूंत जन्मभर दडून राहतो आणि अधूनमधून वर येतो.

आणखी एक गैरसमज दूर करू. कमरेला किंवा छातीला एका बाजूने पट्टा उठतो, त्याला आपण नागीण म्हणतो. डॉक्टर तिला ‘हर्पीस झोस्टर’ म्हणतात. नावात हर्पीस असले तरी तो विषाणू वेगळा आहे. तो कांजिण्यांचा विषाणू. नागीण हा गुप्तरोग नव्हे.

२. हा किती लोकांना असतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे, जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात पहिला प्रकार आहे. म्हणजे शंभरातील ६४ जण. दुसरा प्रकार १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांना आहे. म्हणजे शंभरातील १३ जण. यांतील बहुतेकांना कधीच ठळक त्रास होत नाही. आपल्याला लागण आहे हे त्यांचे त्यांनाही माहीत नसते.

३. रक्तात नेमके काय तपासतात?

रक्ताच्या या तपासणीत खुद्द विषाणू शोधत नाहीत. विषाणू अंगात शिरला की त्याला तोंड देण्यासाठी शरीर काही द्रव्ये तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. तपासणी या प्रतिपिंडांची होते.

सकाळी शेतात गेल्यावर मऊ मातीत जनावराचा माग दिसतो. एखादे जनावर येऊन गेले, एवढे मागावरून कळते. ते केव्हा आले, कोणाच्या बांधावरून आले, हे मागावरून नक्की सांगता येत नाही. कधी कधी तर माग एकाचा असतो आणि आपण दुसऱ्याचा समजतो. प्रतिपिंडांचेही असेच आहे.

४. आय.जी.एम. आणि आय.जी.जी. म्हणजे काय?

ही प्रतिपिंडांची दोन नावे. आय.जी.एम. म्हणजे ‘ताजी लागण’ आणि आय.जी.जी. म्हणजे ‘जुनी लागण’ असे सरसकट सांगितले जाते. हर्पीसच्या बाबतीत हे खरे नाही. जुना हर्पीस पुन्हा उमळला तरी आय.जी.एम. दिसू शकते. ती पहिला प्रकार कोणता आणि दुसरा कोणता हे नीट ओळखत नाही. लागण नसतानाही ती पुष्कळदा ‘आहे’ दाखवते. म्हणून हर्पीससाठी आय.जी.एम. तपासू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. “आय.जी.एम. आली, म्हणजे गेल्या महिन्यातच लागण झाली,” असे म्हणून कोणी घरात भांडण लावत असेल, तर ते ऐकू नका.

आय.जी.जी. त्यापेक्षा भरवशाची, पण तीही पुरी नाही.

५. आकडा कसा वाचावा?

बऱ्याच लॅबमध्ये आकड्याची वाटणी अशी असते :

० ते ०.९ च्या आत – निगेटिव्ह, म्हणजे प्रतिपिंडे सापडली नाहीत.
०.९ ते १.१ – इक्विव्होकल, म्हणजे संशयित. हो नाही आणि नाहीही नाही.
१.१ च्या वर – पॉझिटिव्ह.

आपल्या कागदावर कोणती मर्यादा छापली आहे तेही पाहा, कारण लॅबगणिक ती थोडी बदलते.

कागदावर १.६ लाही ‘पॉझिटिव्ह’ लिहितात आणि ८ लाही ‘पॉझिटिव्ह’च लिहितात. पण दोहोंचा भरवसा सारखा नाही. दुसऱ्या प्रकाराच्या आय.जी.जी.मध्ये १.१ ते ३ च्या दरम्यानचा आकडा पुष्कळ वेळा खोटा ठरतो. ज्याच्या अंगात पहिला, म्हणजे ओठाचा प्रकार आहे, त्याच्या बाबतीत अशी गफलत जास्त होते. दोन्ही विषाणू भावाभावांसारखे दिसणारे असल्याने चाचणी फसते. म्हणून आकडा ३ च्या खाली असेल तर दुसऱ्या वेगळ्या पद्धतीने खात्री करावी, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ साली आपल्या मार्गदर्शनात सांगितले. तेथील औषध प्रशासनानेही २०२३ साली डॉक्टरांना व लॅबना सावध केले, की दुसऱ्या प्रकाराच्या चाचण्या चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ देऊ शकतात.

आकडा मोठा म्हणजे रोग मोठा, असे मात्र नाही. आकड्यावरून फक्त लागण खरी असण्याचा अंदाज येतो.

६. चांगली चाचणीही एवढी कशी चुकते?

एक साधा हिशेब करू. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, कसलाही त्रास नसलेल्या १,००० माणसांचे रक्त तपासले. त्यांतील १०० जणांना खरोखर लागण आहे, ९०० जणांना नाही. चाचणी शंभरात ९५ वेळा बरोबर येते. आता पाहा :

लागण असलेल्या १०० पैकी ९५ जण पॉझिटिव्ह आले.
लागण नसलेल्या ९०० पैकी ४५ जणही पॉझिटिव्ह आले.
एकूण पॉझिटिव्ह १४०. त्यांतील ४५ खोटे. म्हणजे तिघांतला जवळजवळ एक!

आपण धान्य आधी चाळतो आणि मग निवडतो. चाळणीवर दाण्याबरोबर दाण्याएवढा खडाही राहतो. म्हणून चाळलेले धान्य कोणी तसेच दळायला टाकत नाही. रक्ताची ही तपासणी म्हणजे चाळणी. निवडण्याचे काम अजून राहिलेले असते.

याच कारणाने, त्रास नसलेल्या माणसांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या कार्यदलाने २०१६ साली सांगितले आणि २०२३ साली पुन्हा तेच सांगितले. त्यातून फायद्यापेक्षा घरात उगाच घोर जास्त लागतो.

७. निगेटिव्ह आले तर सुटलो का?

तेही लगेच म्हणता येत नाही. लागण झाल्यावर प्रतिपिंडे दिसू लागायला दोन-तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. कालपरवा फोड आले आणि आज रक्त दिले, तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. अशा वेळी १२ आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

८. खात्री कशी करावी?

(अ) फोड किंवा व्रण असेल तर रक्तासाठी थांबू नका. फोड ताजा असतानाच, एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. फोडातील पाणी कापसाच्या काडीवर घेऊन ‘पी.सी.आर.’ तपासणी करता येते. यात खुद्द विषाणू सापडतो आणि प्रकारही कळतो. मोठ्या रुग्णालयात किंवा मोठ्या लॅबमार्फत ही सोय होते. व्रण सुकल्यावर केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

(आ) फोड कधीच आले नसतील आणि आकडा संशयित किंवा ३ च्या खाली असेल, तर १२ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये फक्त आय.जी.जी. पुन्हा करावी. पहिला कागद जपून ठेवावा.

(इ) ‘वेस्टर्न ब्लॉट’ नावाची अधिक पक्की रक्तचाचणी आहे, पण ती आपल्याकडे सहजी मिळत नाही. तिच्यासाठी कर्ज काढून धावपळ करू नका.

(ई) तपासणीला दोघांनी मिळून जावे. एच.आय.व्ही. व गरमी (सिफिलिस) यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी. या रोगांवर उपचार आहेत आणि ते वेळेवर कळणे फार महत्त्वाचे आहे. जिल्हा रुग्णालयात या तपासण्या होतात आणि नाव गुप्त ठेवले जाते.

९. टॉर्च तपासणी आणि गर्भपात

टॉर्च तपासणीत चार-पाच रोगांची प्रतिपिंडे एकदम पाहतात. हर्पीस त्यांतला एक. गर्भ पडला की ही तपासणी लिहून देण्याची पद्धत पडली आहे. पण वारंवार गर्भ पडण्याचे कारण शोधायला तिचा उपयोग होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भ मुळातच, बीज जुळतानाच सदोष राहिलेले असतात. त्यात आईचाही दोष नसतो आणि बापाचाही नसतो. अंगात असलेल्या जुन्या हर्पीसने वारंवार गर्भ पडत नाही. त्याने वांझपणही येत नाही.

१०. लागण खरीच निघाली तर?

घाबरण्याचे कारण नाही. ‘असायक्लोव्हिर’ नावाच्या गोळ्या आहेत. त्यांनी व्रण लवकर भरतात आणि त्रास कमी होतो. विषाणू मुळातून जात नाही, पण बहुतेकांचा त्रास वर्षागणिक कमी होत जातो. गोळ्या किती आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील. भिंतीवर आणि एस.टी. स्टँडवर ‘गुप्तरोग मुळासकट बरा’ अशा जाहिराती लावणाऱ्यांच्या नादी लागू नका.

फोड किंवा व्रण असताना, किंवा ते येण्याआधीची आग-खाज सुरू झाली की, शरीरसंबंध ठेवू नये. एरवी निरोध वापरावा. निरोधने धोका बराच कमी होतो. पुरा जात नाही, कारण व्रण निरोधने न झाकलेल्या जागीही असू शकतो. दुसऱ्या प्रकाराचा हर्पीस असणाऱ्याला एच.आय.व्ही. लागण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

तांबी, गोळ्या किंवा शस्त्रक्रिया यांनी पाळणा थांबतो, पण हर्पीस थांबत नाही. मूल नको आणि लागणही नको, अशा दोन्ही गोष्टींना उपयोगी पडणारे साधन एकच, ते म्हणजे निरोध. ते आरोग्य केंद्रात व आशाताईंकडे मिळते.

११. गरोदर बहिणींसाठी

जुनी लागण असलेल्या आईकडून बाळाला हर्पीस होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे, कारण आईची प्रतिपिंडे बाळालाही मिळतात. धोका आहे तो पहिलीच लागण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झाली तर. तेव्हा बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात ३० ते ५० इतके असू शकते आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नवऱ्याला गुप्तांगावर किंवा ओठावर फोड येत असतील, तर शेवटच्या तीन महिन्यांत त्याने फार जपावे.

आपल्याला कधी फोड आले असतील तर नाव नोंदवतानाच नर्सबाईंना सांगा. लाजू नका. शेवटच्या महिन्यात गोळ्या देता येतात. कळा सुरू होताना व्रण असेल तर डॉक्टर शस्त्रक्रियेने बाळंतपण करतात. अशा वेळी घरी बाळंतपण करू नये. आणि ज्याच्या ओठावर फोड आहे, मग ती आजी असो की आत्या, त्याने तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये.

१२. “पण आणला कोणी?”

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि नेमके याचेच उत्तर कागदावर नसते. लागण खरी असली तरी ती कधी झाली हे रक्त सांगत नाही. विषाणू कित्येक वर्षे गप्प राहतो. लग्नाआधीची गोष्ट लग्नानंतर दहा वर्षांनी वर येऊ शकते. नवऱ्याला काडीचाही त्रास नसताना त्याच्याकडून बायकोला लागू शकते आणि बायकोकडून नवऱ्यालाही. जिचे रक्त तपासले तीच दोषी, हा तर निव्वळ अन्याय आहे. घरात तपासणी बहुधा बाईचीच होते, म्हणून कागदावर नावही तिचेच येते.

एकमेकांना काही सांगायचे असेल तर ते जरूर सांगावे, खरे सांगावे. पण ते दोघांनी बसून बोलावे. लॅबच्या कागदाला पंच करू नये.

१३. त्या जोडप्याने काय करावे?

आता पुन्हा त्या दोन ओळी वाचू. आय.जी.एम. १.० : ही ओळ सोडून द्यावी. आय.जी.जी. १.६ : हा आकडा ३ च्या खाली. दोघांपैकी कोणालाही कधी फोड आलेले नाहीत. म्हणजे हा रिपोर्ट संशयित आहे, निकाल नव्हे.

१२ आठवड्यांनी पुन्हा तपासले आणि समजा आकडा ०.७ आला : पहिला पॉझिटिव्ह खोटा होता, असे समजून निश्चिंत व्हावे.
समजा १.५ च्या आसपासच राहिला : शंका राहते, पण त्रास नसेल तर औषधाची गरज नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना हा कागद दाखवावा, म्हणजे झाले.
समजा ४ च्या वर गेला : लागण खरी असण्याची शक्यता मोठी. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे, वर सांगितलेली काळजी घ्यावी.

तिन्ही वेळा एक गोष्ट सारखीच. सून माहेरी पाठवण्याचे कारण कोठेच नाही. आणि दुसरे मूल हवे असेल, तर ते केव्हा हवे हे त्या दोघांनी ठरवावे. हर्पीस त्यांच्या आड येत नाही.

लक्षात ठेवा

• त्रास नसताना हर्पीससाठी रक्त तपासू नका. कोणी तपासणी सांगितली तर “कशासाठी?” हे विचारा.
• हर्पीसच्या आय.जी.एम.वर विश्वास ठेवू नका.
• आय.जी.जी. ३ च्या खाली असेल तर पुन्हा खात्री करा.
• फोड आला तर ताजा असतानाच दाखवा.
• लागण केव्हा झाली आणि कोणाकडून झाली, हे रिपोर्ट सांगत नाही.
• गरोदर असाल तर फोडांची गोष्ट नर्सबाईंपासून लपवू नका.

शंका असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात या. दोघे मिळून या. येताना कागद बरोबर आणा.

रिपोर्ट दोघांनी वाचा, शंका दवाखान्यात फेडा, संसार सुखाचा करा.